जर्मनीचे नवे नागरिक आणि निवडणूक व्यवस्थेचे ज्ञान

एखाद्या देशात राहणे, तेथे नोकरी करणे, कर भरणे आणि त्या देशाचे सरकार निवडण्यात सहभागी होणे या गोष्टी परस्परांहून भिन्न आहेत. जर्मनीत २०२४ च्या अखेरीस परकीय नागरिकत्व असलेल्या रहिवाशांची संख्या सुमारे १ कोटी ४० लाख होती. यामध्ये युरोपीय संघाच्या अन्य सदस्य देशांतील नागरिकांचा व अज्ञान मुलांचाही समावेश होतो. या सर्वांना राज्यघटनेचे संरक्षण आहे, न्यायालयात दाद मागता येते, कामगार संघटनेत सामील होता येते. परंतु संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही. तो अधिकार नागरिकत्वाबरोबरच प्राप्त होतो. २०२४ या एका वर्षात सुमारे २ लाख ९२ हजार व्यक्तींनी जर्मन नागरिकत्व स्वीकारले. त्यांच्यापैकी बहुसंख्य व्यक्तींना त्यासाठी जर्मन राज्यव्यवस्थेचे किमान ज्ञान सिद्ध करावे लागले. हे ज्ञान कोणते, आणि त्यामागील संस्था प्रत्यक्षात कशा चालतात, याचा परामर्श तुलनात्मक शासनपद्धतीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना निश्चितच उपयुक्त ठरेल.

रक्तसंबंधाकडून जन्मस्थानाकडे

१९१३ च्या नागरिकत्व कायद्याने जर्मनीत रक्तसंबंधाचे तत्त्व दृढ केले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तुर्कस्तान, इटली, युगोस्लाव्हिया आदी देशांतून कामगार म्हणून आलेल्यांची मुले जर्मनीतच जन्मली व वाढली. तथापि कायद्याच्या दृष्टीने ती परकीयच राहिली. १ जानेवारी २००० पासून अमलात आलेल्या सुधारणेने प्रथमच जन्मस्थानाचे तत्त्व स्वीकारले. आई किंवा वडील यांपैकी एकाचे जर्मनीतील कायदेशीर वास्तव्य आठ वर्षांचे असल्यास तेथे जन्मलेल्या बालकास नागरिकत्व मिळू लागले.

या सुधारणेचा इतिहास संघराज्य पद्धतीच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहण्यासारखा आहे. मूळ प्रस्तावात दुहेरी नागरिकत्वास मोकळीक होती. त्याविरुद्ध ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाने सह्यांची मोहीम उघडली आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये हेसन या घटकराज्याची निवडणूक जिंकली. त्यामुळे घटकराज्यांच्या सभागृहातील, म्हणजे बुंडेसराटमधील, बलाबल बदलले व केंद्रातील सरकारला तडजोड करावी लागली. जन्माने दुहेरी नागरिकत्व लाभलेल्या मुलांनी वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत दोहोंपैकी एकाची निवड करावी, अशी अट त्या तडजोडीतून आली. जर्मनीत वाढलेल्या मुलांपुरती ही अट २०१४ मध्ये दूर झाली. २७ जून २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने तर वास्तव्याची आवश्यक मुदत आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली आणि बहुविध नागरिकत्वास सर्वसाधारण मान्यता दिली. विशेष प्रगती दाखविणाऱ्यांना तीन वर्षांत नागरिकत्व देण्याची त्यातील तरतूद मात्र सत्तांतरानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द करण्यात आली.

तेहतीस प्रश्नांची परीक्षा

नागरिकत्वासाठी वास्तव्य, स्वतःचा चरितार्थ चालविण्याची क्षमता, जर्मन भाषेचे बी-१ या स्तरापर्यंतचे ज्ञान आणि लोकशाही व्यवस्थेवरील निष्ठेची घोषणा या अटी आहेत. राष्ट्रीय समाजवादी राजवटीच्या अत्याचारांतून जर्मनीवर आलेली ऐतिहासिक जबाबदारी, विशेषतः ज्यू जीवनाच्या संरक्षणाची जबाबदारी मान्य करणे हेही २०२४ च्या कायद्याने या घोषणेत समाविष्ट केले.

१ सप्टेंबर २००८ पासून त्यात नागरिकत्व चाचणीची भर पडली. चाचणीत ३३ प्रश्न असतात; प्रत्येकास चार पर्याय, त्यांपैकी एक अचूक. वेळ ६० मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यास १७ अचूक उत्तरे पुरेशी. यांपैकी ३० प्रश्न संपूर्ण देशाविषयी, तर ३ प्रश्न उमेदवार ज्या घटकराज्यात राहतो त्याविषयी असतात. देशविषयक ३०० आणि प्रत्येक राज्याचे १० असे प्रश्न आधीच प्रसिद्ध केलेले आहेत. स्पर्धा परीक्षांच्या भारतीय उमेदवाराला ही परीक्षा फारच सोपी वाटेल. पेढीतील प्रश्न पाठ करून ती देता येते, आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसता येते. जर्मन शाळेतून शिक्षण पूर्ण केलेल्यांना तर ती द्यावीच लागत नाही. पाठांतराने नागरिक घडतो काय, हा आक्षेप चाचणी सुरू झाली तेव्हाही घेतला गेला आणि तो निराधार नाही. नवागतांसाठीच्या समन्वय अभ्यासक्रमात भाषेच्या जोडीला १०० तासांचा परिचय वर्ग असतो, तेथे मात्र हेच विषय चर्चेतून शिकविले जातात. कुलपतीची निवड कोण करतो, घटकराज्ये किती, पाच टक्क्यांचा उंबरठा म्हणजे काय, मते मोजण्याचे काम कोणाचे, अशा वरवर साध्या प्रश्नांच्या मुळाशी विसाव्या शतकातील एक मोठे अपयश आहे.

वायमारचा धडा

१९१९ च्या वायमार राज्यघटनेने शुद्ध प्रमाणशीर प्रतिनिधित्व स्वीकारले होते. दर ६० हजार मतांमागे एक जागा असा हिशेब असल्याने लहानसहान पक्षही संसदेत पोहोचत. लहान पक्षांच्या गर्दीमुळेच ते प्रजासत्ताक कोसळले, असे पाठ्यपुस्तकांत अनेकदा लिहिलेले आढळते; परंतु हे अर्धसत्य होय. जुलै १९३२ च्या निवडणुकीत ६०८ पैकी २३० जागा नाझी पक्षाला आणि ८९ जागा कम्युनिस्टांना मिळाल्या. एकत्रितपणे ३१९, म्हणजे स्पष्ट बहुमत. हे दोन पक्ष एकत्र सरकार बनविणे अशक्य होते, परंतु कोणतेही सरकार पाडणे त्यांना सहज शक्य होते. १२ सप्टेंबर १९३२ रोजी पापेन सरकारविरुद्ध ५१२ आणि बाजूने अवघी ४२ मते पडली. पाडणारे बहुमत होते, घडविणारे नव्हते. त्या पोकळीत राष्ट्राध्यक्षाच्या अनुच्छेद ४८ खालील आणीबाणीच्या अधिकारांवर राज्यकारभार चालू राहिला आणि जानेवारी १९३३ मध्ये हिटलरकडे कुलपतिपद गेले. आणीबाणीत मूलभूत हक्क निलंबित करण्याची तरतूद भारतीय घटनाकारांनी याच वायमार घटनेवरून घेतली, हे परीक्षार्थींना परिचित असतेच.

सप्टेंबर १९४८ मध्ये बॉन येथे ६५ सदस्यांची संसदीय परिषद भरली. त्यांत चार स्त्रिया होत्या. (ज्या विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ मध्ये नाव नोंदविले होते, ते याच शहरातले; आणि बॉनमध्ये ही परिषद काम करीत असताना दिल्लीत त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या मसुद्यावर चर्चा चालू होती.) परिषदेने तयार केलेला 'मूलभूत कायदा' २३ मे १९४९ रोजी प्रसिद्ध झाला. देशाची फाळणी तात्पुरती आहे, या भूमिकेतून त्यास राज्यघटना हे नाव देण्याचे टाळले गेले. १९९० मध्ये जर्मनीचे एकीकरण झाल्यानंतरही तेच नाव कायम राहिले.

या कायद्याचा अनुच्छेद १ मानवी प्रतिष्ठा अनुल्लंघनीय असल्याचे सांगतो. अनुच्छेद ७९(३) नुसार अनुच्छेद १ व २० मधील तत्त्वे आणि संघराज्याची घटकराज्यांतील विभागणी कोणत्याही घटनादुरुस्तीने बदलता येत नाही. जर्मन विधिज्ञ डीट्रिश कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातून हा विचार भारतीय वकीलवर्गापर्यंत आला, गोलकनाथ खटल्यातील युक्तिवादात मांडला गेला आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालातील मूलभूत संरचनेच्या सिद्धांताच्या चर्चेत न्या. खन्ना यांनी त्याचा उल्लेख केला. फरक इतकाच की, जर्मनीत ही मर्यादा घटनेच्या शब्दांत लिहिलेली आहे. भारतात ती न्यायालयाने अर्थ लावून प्रस्थापित केली.

एका मतपत्रिकेवर दोन मते

नव्या नागरिकाला सर्वाधिक गोंधळात टाकणारी बाब म्हणजे मतपत्रिका. बुंडेस्टाग या संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठी मतदार दोन मते देतो. डाव्या स्तंभातील पहिले मत मतदारसंघातील उमेदवाराला, तर उजव्या स्तंभातील दुसरे मत पक्षाच्या राज्यनिहाय यादीला असते. ही दोन मते वेगवेगळ्या पक्षांना देता येतात. 'पहिले' हे नाव फसवे आहे. सभागृहातील पक्षांचे बळ ठरते ते दुसऱ्या मतावरून.

मतदारसंघ २९९ आहेत. २०२३ पूर्वीच्या पद्धतीत एखाद्या पक्षाने त्याच्या प्रमाणापेक्षा अधिक मतदारसंघ जिंकले, तर त्या अतिरिक्त जागा तो राखीत असे आणि समतोलासाठी इतर पक्षांना भरपाईच्या जागा दिल्या जात. परिणामी सभागृह फुगत गेले. २०१७ मध्ये ७०९ आणि २०२१ मध्ये ७३६ सदस्य निवडून आले. २०२३ च्या सुधारणेने सदस्यसंख्या ६३० वर निश्चित केली. आता एखाद्या राज्यात पक्षाला दुसऱ्या मतांनुसार आठ जागा देय असतील आणि त्याने दहा मतदारसंघ जिंकले असतील, तर त्या दहांतील सर्वांत कमी मतटक्का असलेल्या दोन विजेत्यांना जागा मिळत नाही. म्हणजे मतदारसंघात पहिला क्रमांक मिळवूनही उमेदवार संसदेबाहेर राहू शकतो. २३ फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत असे २३ उमेदवार होते. त्यांपैकी १५ ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे, ४ 'एएफडी' म्हणजे जर्मनीसाठी पर्याय या पक्षाचे, ३ बव्हेरियातील ख्रिश्चन सोशल पक्षाचे व १ सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा. सर्वाधिक मते मिळविणारा विजयी, या पद्धतीत वाढलेल्या भारतीय मतदारास हे पचविणे कठीण जाते, आणि खुद्द जर्मनीतही त्याविषयी नाराजी आहे. तथापि सभागृहाची रचना मतांच्या प्रमाणात राखायची आणि त्याचा आकारही मर्यादित ठेवायचा, तर कोठेतरी किंमत मोजणे अपरिहार्य ठरते. ती मतदाराने मोजावी की उमेदवाराने, एवढाच काय तो प्रश्न. सुधारणेने ती उमेदवारावर टाकली. ज्या मतदारसंघाचा विजेता घरी राहिला, तेथील मतदारांनीही तिचा वाटा उचलला हे नाकारता येणार नाही.

दुसरा वादाचा मुद्दा पाच टक्क्यांच्या उंबरठ्याचा आहे. देशपातळीवर दुसऱ्या मतांपैकी किमान पाच टक्के मते न मिळालेल्या पक्षाला यादीतून जागा मिळत नाहीत. यास एक अपवाद होता: तीन मतदारसंघ जिंकणारा पक्ष पाच टक्क्यांखाली असूनही आपल्या प्रमाणात जागा मिळवीत असे. २०२१ मध्ये डावा पक्ष ४.९ टक्के मतांवर केवळ या तरतुदीमुळे ३९ जागांसह संसदेत राहिला. २०२३ च्या कायद्याने हा अपवाद रद्द केला. परंतु ३० जुलै २०२४ रोजी संघीय घटनात्मक न्यायालयाने, त्याशिवाय उंबरठा घटनेशी सुसंगत ठरत नाही असे सांगून, नवा कायदा होईपर्यंत तो पुन्हा लागू केला. २०२५ मध्ये सारा वागेनक्नेश्ट यांच्या नव्या पक्षाला ४.९८ टक्के मते पडली. पाच टक्क्यांना सुमारे साडेनऊ हजार मते कमी होती. परिणामी चोवीस लाखांहून अधिक मतदारांच्या दुसऱ्या मतांचे एकाही जागेत रूपांतर झाले नाही. याउलट डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला हा उंबरठा लागू नसल्याने त्याचा एक सदस्य निवडून आला. स्थैर्य व प्रातिनिधिकता यांचा समतोल म्हणतात तो प्रत्यक्षात असा दिसतो.

भारताच्या विधी आयोगाने १९९९ मधील आपल्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या काही जागा यादी पद्धतीने भरण्याची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही.

सरकार कसे बनते व कसे पडते

मतदार कुलपतीची निवड करीत नाही, हे चाचणीतील एक महत्त्वाचे उत्तर. बुंडेस्टागचे सदस्य गुप्त मतदानाने, एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने त्याची निवड करतात. १९४९ मध्ये कोनराड आडेनाउअर ४०२ पैकी २०२ मतांनी, म्हणजे आवश्यक तेवढ्याच मतांनी निवडून आले. ६ मे २०२५ रोजी फ्रीडरिश मेर्त्स यांना पहिल्या फेरीत ३१० मते मिळाली. आवश्यक होती ३१६. निवडणुकीनंतर कुलपतिपदाचा उमेदवार पहिल्या फेरीत अपयशी ठरण्याचा प्रकार संघीय प्रजासत्ताकाच्या इतिहासात प्रथमच घडला. त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ते ३२५ मतांनी निवडून आले. मतदान गुप्त असल्याने कोणी मत दिले नाही, हे कळण्यास मार्ग नाही. जर्मनीत भारताच्या दहाव्या अनुसूचीसारखा पक्षांतरबंदी कायदा नाही. अनुच्छेद ३८ नुसार सदस्य केवळ आपल्या सदसद्विवेकबुद्धीस बांधील असतो. व्यवहारात मात्र पक्षशिस्त कडक असते.

सरकार पाडण्याची पद्धत अधिक वैशिष्ट्यपूर्ण आहे. अनुच्छेद ६७ नुसार बुंडेस्टागला कुलपतीवर अविश्वास व्यक्त करायचा असेल, तर त्याच ठरावाने उत्तराधिकारी निवडावा लागतो. यास विधायक अविश्वास ठराव म्हणतात. १९३२ मधील पाडणाऱ्या बहुमताला हे थेट उत्तर होते. हा प्रयोग आजवर दोनदाच झाला. २७ एप्रिल १९७२ रोजी विली ब्रांट यांच्याविरुद्ध रायनर बार्त्सेल यांना २४९ ऐवजी २४७ मते मिळून ठराव फसला. १ ऑक्टोबर १९८२ रोजी हेल्मूट श्मिट यांच्या जागी हेल्मूट कोल आले.

भारतातील एक प्रसंग येथे डोळ्यांपुढे येतो. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पराभूत झाले. पर्यायी सरकार कोणालाही बनविता आले नाही आणि लोकसभा विसर्जित होऊन पुन्हा निवडणुका झाल्या. जर्मन नियम असता तर विरोधकांना आधी आपला पंतप्रधान ठरवावा लागला असता. घटनेच्या कार्यवाहीचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये, तसेच विधी आयोगाने २०१८ च्या मसुदा अहवालात विधायक अविश्वास ठरावाचा पुरस्कार केला होता. परंतु ही पद्धत म्हणजे रामबाण उपाय नव्हे. बहुमत गमावलेले सरकार केवळ पर्याय नाही म्हणून रेंगाळू शकते. त्यासाठी अनुच्छेद ६८ मध्ये विश्वासदर्शक ठरावाची वाट ठेवली आहे. कुलपतीने विश्वास मागावा, तो न मिळाल्यास राष्ट्राध्यक्ष २१ दिवसांच्या आत सभागृह विसर्जित करू शकतो. ब्रांट यांनी १९७२, कोल यांनी १९८२ आणि श्रोडर यांनी २००५ मध्ये हा मार्ग अवलंबिला. १६ डिसेंबर २०२४ रोजी ओलाफ शोल्त्स यांनी विश्वास गमावल्यामुळेच २०२५ ची निवडणूक मुदतीपूर्वी झाली.

घटकराज्यांचे सभागृह

बुंडेसराटची तुलना राज्यसभेशी करण्याचा मोह टाळला पाहिजे. तेथे निवडून आलेले खासदार नसतात. सोळा घटकराज्यांच्या सरकारांतील मंत्रीच बसतात. मते एकूण ६९. लहानातल्या लहान राज्याला ३, तर मोठ्यात मोठ्याला ६. त्यामुळे सुमारे सात लाख लोकवस्तीचे ब्रेमेन आणि पावणेदोन कोटींहून अधिक लोकसंख्येचे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया यांच्या मतांत केवळ दुपटीचे अंतर आहे. राज्याला आपली सर्व मते एकसारखी द्यावी लागतात. २२ मार्च २००२ रोजी स्थलांतरविषयक विधेयकावर ब्रांडेनबुर्गच्या मुख्यमंत्र्यांनी होकार व त्यांच्याच मंत्रिमंडळातील सहकाऱ्यांनी नकार दिला. सभापतींनी तो होकार मानला. डिसेंबर २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती मते अवैध ठरवून कायदाच रद्द केला. परकीयांच्या जीवनावर परिणाम करणारा कायदा अशा रीतीने मतमोजणीच्या एका नियमावर अडखळला.

मतदान केंद्रावर

मतदार म्हणून नाव नोंदविण्याची वेगळी खटपट नव्या नागरिकाला करावी लागत नाही. प्रत्येक रहिवाशाचा पत्ता नगरपालिकेकडे नोंदलेला असतो, त्यावरून यादी आपोआप तयार होते आणि मतदानाची सूचना टपालाने घरी येते. वयोमर्यादा १८ वर्षे. मतदान रविवारी किंवा सार्वजनिक सुटीच्या दिवशी सकाळी ८ ते सायंकाळी ६ या वेळेत होते. टपाली मतदानासाठी कारण द्यावे लागत नाही. केंद्रावरील काम बहुतांशी स्वयंसेवक नागरिक करतात, तेच संध्याकाळी मते मोजतात. आणि ही मोजणी कोणालाही उभे राहून पाहता येते.

मतदान यंत्रांविषयीचा निर्णय याच उघडेपणाशी निगडित आहे. २००५ च्या निवडणुकीत काही भागांत संगणकीय यंत्रे वापरली गेली. ३ मार्च २००९ रोजी घटनात्मक न्यायालयाने तो वापर घटनाबाह्य ठरविला. यंत्रांत फेरफार झाला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला नव्हता. मतदान व मोजणीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकालाही तपासता आले पाहिजेत, हे तत्त्व त्यामागे होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मतपडताळणीच्या कागदी चिठ्ठीचा मार्ग दाखविला आणि २६ एप्रिल २०२४ रोजी कागदी मतपत्रिकांकडे परतण्याची मागणी फेटाळली. जर्मन निकालाचा आधार घेणाऱ्यांनी दोन्ही देशांतील मतदारसंख्या व यंत्रांची रचना यांतील अंतर विसरू नये. आणि तो निकाल सरसकट गैरलागू म्हणणाऱ्यांनी त्यातील तत्त्व डावलू नये.

भारताच्या अनुच्छेद ३२४ खालील निवडणूक आयोगासारखी स्वतंत्र घटनात्मक संस्था जर्मनीत नाही. संघीय निवडणूक अधिकाऱ्याची नेमणूक गृहमंत्रालय करते आणि परंपरेने हे पद संघीय सांख्यिकी कार्यालयाच्या प्रमुखाकडे असते. निवडणुकीविरुद्धच्या तक्रारी प्रथम खुद्द बुंडेस्टाग तपासते. त्यानंतर घटनात्मक न्यायालयाकडे जाता येते. ज्यांच्या निवडीविषयी शंका आहे, त्यांनीच ती शंका तपासावी, हा यातील दुबळा दुवा होय. २०२१ मध्ये बर्लिनमधील अनेक केंद्रांवर मतपत्रिका संपल्या, रांगा वेळेनंतरही चालू राहिल्या. तेथील ४५५ केंद्रांच्या कक्षेत बुंडेस्टागसाठी फेरमतदान झाले ते ११ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षांनी.

मत कोणाचे?

परकीय रहिवाशाला निदान नगरपालिकेत तरी मत असावे, या विचाराने श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने १९८९ मध्ये सहा देशांच्या नागरिकांना स्थानिक मताधिकार देणारा कायदा केला. ३१ ऑक्टोबर १९९० रोजी घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. ज्या जनतेपासून सत्ता उद्भवते ती जनता म्हणजे जर्मन नागरिकच, असा अर्थ न्यायालयाने लावला. मताधिकार हवा असेल तर नागरिकत्व सुलभ करावे, असा संकेतही त्याच निकालात होता, आणि २००० व २०२४ च्या सुधारणा त्या दिशेने पडलेली पावले होत. पुढे मास्ट्रिख्ट करारामुळे युरोपीय संघातील नागरिकांना नगरपालिका निवडणुकांत मत मिळाले. परिणामी कालपरवा वॉर्सा किंवा रोमहून आलेला रहिवासी महापौर निवडण्यात भाग घेऊ शकतो. वीस वर्षे तेथील रुग्णालयात सेवा करणाऱ्या भारतीय परिचारिकेस कोणत्याही स्तरावर मत नसते.

तिने जर्मन नागरिकत्व घेतले तर दोन मतांची मतपत्रिका तिच्या हाती येते. जर्मनीने २०२४ पासून जुने नागरिकत्व सोडण्याची अट काढली असली, तरी तो लाभ भारतीयांना होत नाही. कारण अडसर भारतीय कायद्याचा आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. पारपत्र वकिलातीकडे परत करावे लागते. समुद्रपार भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय, म्हणून नोंदणी केल्यास भारतात आजीवन प्रवेश व वास्तव्याची मुभा मिळते. परंतु नावात 'नागरिक' हा शब्द असूनही मतदानाचा, निवडणूक लढविण्याचा किंवा शासकीय सेवेतील समान संधीचा हक्क मिळत नाही. शेतजमीन खरेदी करता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते. मुंबई व स्टुटगार्ट या शहरांचे भगिनीनाते १९६८ पासूनचे, महाराष्ट्र व बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांची भागीदारी २०१५ पासूनची. त्या वाटेने जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही हा प्रश्न उद्भवतो, आणि एकाच घरात आईवडील भारतीय पारपत्रावर व तेथे वाढलेली मुले जर्मन मतदारयादीत, असे चित्र निर्माण होऊ शकते. भारतीय नागरिकत्व राखणाऱ्या अनिवासी भारतीयाला २०१० च्या दुरुस्तीने मूळ गावच्या मतदारयादीत नाव नोंदविण्याचा हक्क दिला आहे. मात्र त्याला मतदान प्रत्यक्ष त्या केंद्रावर येऊनच करावे लागते.